माकड मेले, माणसे अजून धडधाकट आहेत. तरी आरोग्य पथक का येते?

दोडामार्ग तालुक्यातील एका काजू बागायतदाराने तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या बागेला लागून असलेल्या रानात एक माकड मरून पडले होते. वनरक्षकाला कळवल्यावर पशुवैद्यकीय आणि आरोग्य विभागाची माणसे आली, माकडाचे नमुने घेतले, त्या जागेवर पावडर मारली आणि गावात घरोघर तापाची चौकशी सुरू झाली. गावात एकालाही ताप नसताना एवढी धावपळ कशासाठी, हा त्यांचा पहिला प्रश्न. आपल्या लहानपणी ज्याचे नावही ऐकले नव्हते तो माकडताप एकाएकी आला कुठून, हा दुसरा. आणि रोग इतक्या वर्षांपासून माहीत असेल तर त्यावर लस का मिळत नाही, हा तिसरा. साथरोग सर्वेक्षणाचे काम करणारा डॉक्टर म्हणून मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर नीट कळले की पहिल्याचे उत्तर निम्मे मिळालेलेच असते.

हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला १९५७ मध्ये, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात. सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे आणि वानरे मरू लागली आणि त्याच सुमारास जंगलालगतच्या गावांत माणसे तीव्र तापाने आजारी पडू लागली. पुण्यात १९५२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र उभारले होते; आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. तिथले शास्त्रज्ञ शिमोग्यात पोहोचले तेव्हा त्यांच्या मनात पहिली धास्ती होती ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेत पीतज्वराची साथ माणसांत येण्याआधी जंगलात माकडे मरतात, आणि भारतात पीतज्वर नसला तरी तो पसरवू शकणारा डास मात्र सगळीकडे आहे. पीतज्वर खरोखरच आला असता तर देशावर मोठे संकट ओढवले असते. प्रत्यक्षात सापडलेला विषाणू निघाला वेगळाच: रशियात गोचिडींमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग, आणि तोवर कोणालाही माहीत नसलेला. जंगलाच्या नावावरून रोगाला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हे नाव मिळाले. आपल्याकडे केएफडी किंवा माकडताप म्हणतात.

पुढची जवळपास साडेपाच दशके हा शिमोगा आणि त्याच्या आसपासच्या कर्नाटकातील जिल्ह्यांचा रोग मानला गेला. २०१२ नंतर चित्र बदलले. बंदीपूरच्या जंगलाजवळ चामराजनगर जिल्ह्यात तो सापडला, मग तामिळनाडूतील निलगिरी आणि केरळातील वायनाड येथे त्याची नोंद झाली, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली गावात काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना तो झाला आणि २०१६ च्या सुरुवातीला सिंधुदुर्गात, आपल्याच दोडामार्ग तालुक्यात, माकडे मरू लागली व पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला. नकाशावर ही ठिकाणे जोडून पाहिली तर ती सह्याद्रीच्या आणि त्याला लागून असलेल्या डोंगररानांच्या एकाच पट्ट्यात येतात.

आता विषाणू या ठिकाणी नव्याने आला की आधीपासून होता? माझ्या मते दोन्ही गोष्टींना वाव आहे, आणि बहुतेक नव्या रोगांच्या बाबतीत हेच दिसते. १९५० च्या दशकातच सौराष्ट्र आणि कच्छकडील माणसांच्या रक्तात या विषाणूशी जुळणारी प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची शरीराने ठेवलेली खूण, आढळली होती, म्हणजे जिथे रोगाचा एकही रुग्ण कोणी ओळखला नव्हता तिथेही हा किंवा याचा जवळचा विषाणू फिरत असावा. रानात प्राणी आणि गोचीड यांच्यात तो शांतपणे खेळत राहतो. माणूस त्या साखळीत चुकून शिरतो, आणि शिरल्यावर त्याला झालेला ताप नेमका कशाचा हे तपासण्याची सोय जवळ असेल तरच रोगाची नोंद होते. दोडामार्गच्या एखाद्या वाडीत तीस वर्षांपूर्वी मार्च महिन्यात ‘मुदतीचा ताप’ म्हणून दगावलेला माणूस कशाने गेला हे आज कोणीही सांगू शकणार नाही.

माणूस या साखळीत शिरतो कसा, याचे उत्तर मात्र पुष्कळ स्पष्ट आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात काजू लागवडीसाठी जंगल तोडले गेले आणि त्यानंतर तिथे या रोगाची अतिशय मोठी साथ आली. घनदाट जंगलापेक्षा जंगलाची कड, म्हणजे जिथे झाडोरा, बागायत, चराऊ रान आणि वस्ती एकमेकांत मिसळतात ती जागा, गोचिडींना अधिक मानवते. तिथे त्यांना उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकडे आणि गुरे असे सगळे यजमान, म्हणजे ज्यांच्या रक्तावर त्या जगतात ते प्राणी, हाताशी मिळतात. आपल्याकडील काजूची बाग बहुतेक वेळा अशाच कडेवर असते.

यात मुख्य गोचीड हिमाफिसॅलिस स्पिनिजेरा या जातीची. पावसाळा सरला की तिची पिल्ले बाहेर पडतात आणि लहान प्राणी, पक्षी व माकडे यांच्या रक्तावर पोसतात. कात टाकून ती मधल्या अवस्थेत येतात. ही मधल्या अवस्थेतील गोचीड तिळाएवढी असते, चावताना दुखत नाही, आणि माणसाला रोग देते ती बहुतांशी हीच. तिचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे, जोर जानेवारी ते एप्रिल. काजूच्या बिया गोळा करण्याचा, पातेरा जमवण्याचा, सरपण आणण्याचा आणि बाग साफ करण्याचा काळही हाच. माणसाचे काम आणि गोचिडीची भूक एकाच महिन्यांत एकाच जमिनीवर येतात. पूर्ण वाढलेली गोचीड मोठ्या जनावरांवर जगते. गुरांमुळे विषाणू फारसा वाढत नाही, परंतु गोचिडींची संख्या मात्र वाढते आणि त्या गोठ्यापर्यंत येतात, ही गोष्ट गावात फार कमी लोकांना ठाऊक असते.

आता आपला पहिला प्रश्न. माकडाला हा रोग झाला की त्याच्या रक्तात विषाणू प्रचंड वाढतो आणि त्याच्या अंगावर चिकटलेल्या गोचिडी रक्ताबरोबर तो शोषून घेतात. माकड मेले, अंग गार पडले की त्या सगळ्या गोचिडी त्याला सोडून तिथेच खाली उतरतात, आणि एकदा विषाणू शिरलेली गोचीड पुढच्या अवस्थांत गेली तरी तो तिच्यात टिकून राहतो. म्हणजे माकड जिथे पडले ती पाचोळ्याची जागा, आपण कुंपण घालू शकत नाही अशी विषाणूची कोठी बनते. माणसाला चावा बसल्यापासून ताप येईपर्यंत साधारण तीन ते आठ दिवस जातात. त्यानंतर रुग्ण दोन-तीन दिवस घरी अंगावर काढतो, मग जवळच्या दवाखान्यात जातो, तिथून ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्हा रुग्णालयात किंवा गोव्याला. माणसाच्या तापावरून साथ ओळखायची म्हटले तर पहिला अहवाल हाती येईपर्यंत गावातील आणखी कित्येकांना चावा बसून गेलेला असतो. मेलेले माकड हे आपल्याला त्याआधी मिळणारे एकमेव इशारापत्र आहे. आपल्या गावात कोणाला ताप नव्हता म्हणूनच पथकाने येण्यात अर्थ होता. ताप आल्यावर येणारे पथक उपचारासाठी येते, रोखण्यासाठी येण्याची वेळ तोवर गेलेली असते.

पथक जे करते त्याची कारणेही सांगतो. माकडाला हात लावू नका असे सांगितले जाते ते कुजण्याच्या भीतीने नव्हे, त्याच्या अंगावरून उतरणाऱ्या गोचिडींमुळे. पशुवैद्यकीय अधिकारी अंगभर संरक्षक पोशाख घालून शवविच्छेदन करतात, मेंदू, यकृत वगैरे अवयवांचे तुकडे घेतात आणि मृतदेह जाळला जातो. पावडर असते मॅलॅथिऑनसारख्या कीटकनाशकाची, आणि ती माकड पडले त्या जागेभोवती व लोकांच्या जाण्यायेण्याच्या पायवाटांवर टाकतात. त्याच वेळी दोन कर्मचारी एक पांढरे खरखरीत कापड पाचोळ्यावरून आणि खुरट्या झुडपांवरून हळूहळू ओढत नेताना आपण पाहिले असतील. अन्नाच्या शोधात गवताच्या टोकाला बसलेली गोचीड कापडाला माणूस किंवा जनावर समजून चिकटते. दर काही पावलांनी कापड उलटून चिमट्याने एकेक गोचीड उचलतात, बाटलीत भरतात, जातीप्रमाणे वेगळ्या करतात आणि तपासणीला पाठवतात. हे काम कंटाळवाणे दिसते, पण त्याचे मोल मोठे आहे. माकड सापडेपर्यंत दोन दिवस उलटले असतील आणि उन्हाने ते कुजले असेल तर त्याच्या अवयवांतून विषाणू मिळत नाही आणि अहवाल निगेटिव्ह येतो. अशा वेळी त्याच जागेवरच्या गोचिडींचा अहवाल खरी स्थिती सांगतो. कुजलेल्या माकडाचा निगेटिव्ह अहवाल हातात घेऊन ‘गाव सुरक्षित’ असे जाहीर करणे हा मला या संपूर्ण कामातील सर्वांत घातक प्रकार वाटतो.

अर्थात मेलेले प्रत्येक माकड माकडतापाचे नसते. विजेचा धक्का, कुत्र्यांचा हल्ला, फांदीवरून पडणे अशी कारणेही असतात. तरीही काजूच्या हंगामात, एकाच रानात, आठवड्याभरात दुसरे माकड पडले तर अहवालाची वाट न पाहता पायवाटा बंद करणे आणि गोचिडींना दूर ठेवणारे, अंगाला लावायचे तेल वाटणे सुरू झाले पाहिजे.

घरोघर तापाची चौकशी करणाऱ्या आशाताईंना लोक अनेकदा ‘सगळे बरे आहेत’ एवढे सांगून परत पाठवतात. कृपया तसे करू नका. या रोगाची सुरुवात एकाएकी येणाऱ्या तीव्र तापाने, डोकेदुखीने आणि अंगदुखीने होते. कंबर आणि पोटऱ्या विशेष दुखतात, डोळे लाल होतात, उलट्या किंवा जुलाब होतात आणि काहींच्या हिरड्यांतून वा नाकातून रक्त येते. रक्तातील प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी कमी होतात. बहुतेक रुग्ण आठवडा-दोन आठवड्यांत सावरतात, मात्र थकवा बराच काळ राहतो. काहींना ताप उतरून बरे वाटू लागल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि या दुसऱ्या फेरीत मेंदूवर परिणाम होतो: झटके, कंप, गोंधळलेपण. शंभर रुग्णांमागे साधारण तीन ते पाच दगावतात. विषाणूवर थेट काम करणारे औषध नाही. सलाईन, रक्तदाब सांभाळणे, गरजेप्रमाणे रक्तघटक देणे आणि बारीक लक्ष ठेवणे हाच उपचार, आणि तो वेळेवर मिळाला तर जीव वाचतात. अंगदुखीवर अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनची गोळी मनाने घेऊ नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल पुरेसे.

येथे आमच्या व्यवसायातील मंडळींनाही एक विनंती आहे. कोकणातील डॉक्टरांना लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या पावसाळी तापाची, सवय आहे आणि ताप, अंगदुखी, लाल डोळे दिसले की डॉक्सिसायक्लिन हे त्यावरचे प्रतिजैविक सुरू होते. पावसाळ्यात ते योग्यच. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये, पावसाचा टिपूस नसताना, बागेत काम करणारी व्यक्ती असाच ताप घेऊन आली तर माकडतापाचा संशय नोंदवून रक्त पाठवले पाहिजे. नमुन्याबरोबरच्या अर्जावर ‘तापाचा पहिला दिवस’ ही एक चौकट असते आणि ती बहुधा रिकामी राहते. प्रयोगशाळेसाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. पहिल्या काही दिवसांत रक्तात विषाणूच असतो, तेव्हा आरटी-पीसीआर चाचणी करावी लागते. पुढे विषाणू ओसरतो आणि आयजीएम प्रतिपिंडे दिसू लागतात. दिवस माहीत नसेल तर चुकीची चाचणी होते, निगेटिव्ह अहवाल येतो आणि सगळेच गाफील राहतात.

कोविडच्या अनुभवामुळे अनेकांना वाटते की नवा रोग म्हटला की रुग्णाला वेगळे ठेवायचे, घरावर पाटी लावायची, गाव बंद करायचे. २०१८ मध्ये केरळात कोळिकोड भागात निपाहची साथ आली तेव्हा रुग्णाच्या सहवासातील प्रत्येक माणूस शोधून त्याच्यावर लक्ष ठेवणे अत्यावश्यक होते, कारण निपाह रुग्णाकडून नातेवाइकांना आणि परिचारिकांना होत होता. माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही. रुग्णाच्या घरच्यांना वाळीत टाकण्याचे, मुलांना शाळेत न घेण्याचे, त्यांच्या घरचे काजू न घेण्याचे काहीही कारण नाही. साथीला दिलेला प्रतिसाद रोगाच्या प्रसाराच्या वाटेला धरूनच असावा लागतो, आणि चुकीच्या वाटेवर घातलेला बंदोबस्त लोकांना त्रास देतो, विषाणूला थांबवत नाही. माकडांना हुसकावणे किंवा मारणे हेही त्यातलेच. ती स्वतः या रोगाचे बळी आहेत, आणि हाकललेले आजारी माकड आपल्या अंगावरच्या गोचिडी पुढच्या वाडीत घेऊन जाते.

लसीबद्दल आपण विचारले आहे. लस होती. कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर विषाणू वाढवून आणि फॉर्मॅलिनने निष्क्रिय करून तयार केलेली ही लस कर्नाटकात १९९० पासून वापरात होती. महिन्याच्या अंतराने दोन डोस, काही महिन्यांनी बूस्टर आणि पुढे दर वर्षी बूस्टर, असा तिचा क्रम. सुरुवातीच्या चाचण्यांत तिचा परिणाम चांगला दिसला, परंतु २००५ ते २०१० या काळातील कर्नाटकातील आकडेवारी तपासली तेव्हा दोन डोसांनी सुमारे ६२ टक्के आणि बूस्टरसह सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळते असे आढळले. इंजेक्शन खूप दुखत असे, त्यामुळे दुसऱ्या डोसाला आणि त्याहून अधिक बूस्टरला लोक येत नसत. लसीची क्षमता मानकांना उतरत नसल्याचे दिसल्यावर २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. नव्या लसीवर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने काम चालू आहे. मला यातून बोचते ते असे की जंगलाच्या कडेला राहणाऱ्या, मजुरीवर पोट असणाऱ्या माणसांचा रोग असल्यामुळे सहा दशकांत या लसीला जेवढी निकड मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही. लस जुनी होत असताना नवी हाताशी तयार असायला हवी होती. आपल्यासारख्या बागायतदारांनी आणि ग्रामपंचायतींनी ही मागणी लावून धरणे हे रास्त आहे.

लस येईपर्यंत भिस्त चाव्यापासून बचावावर. बागेत जाण्यापूर्वी पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ पँट, पँटचे टोक मोज्यांत खोचलेले, आणि उघड्या हातापायांना, मानेला आरोग्य केंद्रातून मिळणारे डेपा तेल. हे तेल संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने विकसित केलेल्या द्रव्याचे आहे. त्याचा परिणाम काही तासच टिकतो, म्हणून दुपारच्या जेवणानंतर पुन्हा लावावे. पाचोळ्यावर बसू किंवा आडवे होऊ नये. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने अंघोळ करावी आणि घरातील दुसऱ्या माणसाकडून काखा, जांघा, कानामागची जागा आणि केसांची मुळे पाहून घ्यावीत. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून धरून सरळ वर ओढावी. चिरडू नये, त्यावर रॉकेल ओतू नये, काडीने चटका देऊ नये. गोठ्यात अंथरण्यासाठी किंवा खतासाठी आणलेल्या पातेऱ्याचा ढीग घरापासून दूर ठेवावा, आणि गुरांच्या गोचिडींवर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध करावे. तेल वेळेवर न मिळणे ही नेहमीची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. डिसेंबर उजाडण्याआधी साठा उपकेंद्रात पोहोचला पाहिजे. फेब्रुवारीत रुग्ण सापडल्यावर तेल येईपर्यंत त्या हंगामातील निम्मी जोखीम घेऊन झालेली असते.

या सर्व व्यवस्थेतील जो दुवा मला सर्वांत कच्चा वाटतो तो प्रयोगशाळेत नाही. पुण्याच्या संस्थेकडे अत्यंत घातक विषाणूंवर काम करण्याची, चौथ्या स्तराची जैवसुरक्षा प्रयोगशाळा आहे आणि तिथले निदान भरवशाचे असते. कच्चेपणा आहे तो अहवाल परत येण्याच्या वाटेवर. नमुना गावातून तालुक्याला, जिल्ह्याला आणि पुण्याला जातो; अहवाल जिल्ह्याला येतो, फायलीत लागतो, बैठकीत वाचला जातो, आणि ज्या माणसाने उन्हात थांबून वनरक्षकाला माकड दाखवले होते त्याला काहीच कळत नाही. पुढच्या वेळी माकड दिसले तर तो कशाला फोन करील? आधीच अनेकांच्या मनात असते की वनखात्याला कळवले तर माकड मारल्याचा आळ आपल्यावरच येईल किंवा बागेत मजूर यायचे थांबतील. पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह, अहवाल आल्याच्या दिवशीच तो सरपंच, आशाताई आणि माकड कळवणारी व्यक्ती या तिघांना फोनवर सांगितला गेला पाहिजे, आणि निगेटिव्ह असेल तर नमुना ताजा होता की कुजलेला हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

तेव्हा आपल्या बागेजवळच्या माकडाचा आणि त्या जागेवरच्या गोचिडींचा अहवाल आपण तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागावा, ग्रामसभेत तो वाचून दाखवावा, आणि तो हाती येईपर्यंत त्या कोपऱ्यातील काजू वेचण्यासाठी कोणालाही पाठवू नये. बाकीच्या बागेत तेल लावून काम चालू ठेवायला हरकत नाही.